एक नोंद, अनेक खिडक्या

 

आजचा विषय ऐकून तुम्ही म्हणाल, हे आपल्या कामाचं नाही. विषय आहे संगणकाच्या आणि मोबाईलच्या पडद्यावरच्या खिडक्या, आणि त्या खिडक्या एकमेकींशी एकच नोंद कशी वाटून घेतात. पण थोडा वेळ ऐका. यात आपल्या बचतीचा, कर्जाचा आणि नावाचा प्रश्न आहे.

आता गटाचा हिशेब वहीत असतो तसा मोबाईलमध्येही असतो. उमेद अभियानात गटाची आणि ग्रामसंघाची माहिती लोकओएस या ॲपवर भरली जाते. सीआरपी ताई मोबाईल घेऊन बसतात आणि बोटाने एकामागून एक पान उघडतात. एका पानावर सभासदांची यादी, दुसऱ्यावर कर्जाचा हप्ता, तिसऱ्यावर बैठकीचा गोषवारा. संगणकावर अशी दोन-तीन पानं एकाच वेळी शेजारी शेजारी उघडी ठेवता येतात. त्यांनाच खिडक्या म्हणतात, इंग्रजीत विंडो.

आता प्रश्न असा. हप्त्याच्या खिडकीत एका ताईने हजार रुपये भरल्याची नोंद झाली. हे यादीच्या खिडकीला कसं कळतं? गोषवाऱ्याच्या खिडकीला कोण सांगतं? आपल्याला वाटतं, मोबाईल आहे, त्याला सगळं कळतंच. तसं नाही. ज्याने ते ॲप बांधलं त्याने तशी सोय केली असेल तरच कळतं.

आधी आपल्या वह्यांकडे पाहू. गटात एक हप्ता आला की तो किती ठिकाणी लिहावा लागतो? रोकड वहीत, खतावणीत, त्या ताईच्या पासबुकात, आणि बैठकीच्या वहीत. शिवाय ग्रामसंघाला जाणाऱ्या महिन्याच्या अहवालात. एकाच रकमेच्या पाच नकला. समजा, त्या ताईचं कर्ज चार हजार बाकी होतं आणि हजार आले. चार ठिकाणी बाकी तीन हजार झाली. पाचव्या ठिकाणी लिहायचं राहिलं, तर तिथे बाकी अजून चार हजारच दिसणार. कोणी लबाडी केली नाही, पैसा कोणी खाल्ला नाही, तरी गटात कुजबुज सुरू होते.

हे काही नुसतं सांगायचं म्हणून सांगत नाही. आपल्याच जिल्ह्यात एका ग्रामसंघाच्या बैठकीत मी असा प्रसंग पाहिला. एका बाईने कर्ज पूर्ण फेडलं होतं. पासबुकात सह्या होत्या. पण गटाचा हिशेब ज्या संगणकावर होता, तिथे अहवालाच्या खिडकीत तिची थकबाकी दिसत होती. कर्जाच्या खिडकीत बाकी शून्य आणि अहवालात थकबाकी. दोन्ही खिडक्या एकाच संगणकाच्या. निर्णय घेणाऱ्यांनी अहवाल पाहिला. तिचं पुढचं कर्ज मागे पडलं. दिवस रोवणीचे होते. पऱ्हे तयार, पाऊस आलेला, बायांची मजुरी द्यायची होती आणि हातात पैसा नाही. पुढे हिशेब दुरुस्त झाला, पण रोवणी कोणासाठी थांबत नाही. तिला बाहेरून जास्त व्याजाने पैसे घ्यावे लागले.

त्या संगणकात झालं होतं ते इतकंच, की प्रत्येक खिडकीने आपापली नक्कल काढून ठेवली होती. एकीची नक्कल बदलली, दुसरीची राहिली.

मग उपाय काय? नक्कल वाटू नये, पत्ता वाटावा.

पत्ता म्हणजे काय, ते समजून घेऊ. तुमच्या घरी धानाची ढोली भरलेली आहे. शेजारणीला ते धान पाहायचं आहे. तुम्ही ढोली उचलून तिच्या घरी नेत नाही. तुम्ही सांगता, अमक्या गल्लीत, कडुलिंबाजवळचं घर, आतल्या खोलीत ढोली आहे. ती येऊन पाहते. तिसरी आली तर तिलाही तोच पत्ता. धान एकाच जागी, पत्ता तिघींजवळ. कोणी एक पायली काढली तर तिघींनाही ढोली तेवढीच कमी दिसणार.

आपल्याकडे कागदोपत्रीही ही रीत जुनीच आहे. सातबारा काढून पाहा. नावाजवळ बारीक आकडे असतात. ते फेरफाराचे क्रमांक. ते नाव तिथे कसं आलं, वारसाने, खरेदीने की वाटणीने, ती सगळी कहाणी सातबाऱ्यावर लिहिलेली नसते. ती गाव नमुना सहामध्ये, फेरफाराच्या नोंदवहीत असते. सातबाऱ्यावर फक्त तिचा पत्ता. आठ-अ घ्या. एका खातेदाराची गावात कुठे कुठे जमीन आहे, त्या गट क्रमांकांची यादी त्यात असते. त्या क्रमांकाच्या बोटाला धरून तुम्ही त्या त्या सातबाऱ्यापर्यंत पोचता. म्हणून ज्यांना कोणाला वारसाची नोंद करायची आहे त्यांना मी नेहमी सांगते, नुसता सातबारा पाहू नका, त्यावरचा फेरफार क्रमांक धरून मूळ नोंद वाचा. त्यात आपलं नाव सुटलेलं नाही ना, ते बघा.

संगणकातही अगदी हेच चालतं. त्याची मेमरी म्हणजे बँकेतल्या लॉकरच्या लांबच लांब रांगा समजा. प्रत्येक खणाला क्रमांक. ॲप सुरू झालं की ते एका सभासदाची नोंद तयार करतं. तिचं नाव, तिची बचत, तिचं बाकी कर्ज. ही नोंद अमुक क्रमांकाच्या खणात राहते. प्रोग्राम लिहिणारे या नोंदीला ऑब्जेक्ट म्हणतात, आणि तिच्या खणाच्या क्रमांकाला पॉईंटर. पॉईंटर म्हणजे बोट दाखवणारा. यादीच्या खिडकीतून तुम्ही हप्त्याची खिडकी उघडता, तेव्हा यादी तिला त्या नोंदीचा पॉईंटर हातात देते. जणू सांगते, बाई, ही नोंद इथे आहे, जे लिहायचं ते तिथेच लिही. आता नोंद एकच आणि तिच्याकडे बघणाऱ्या खिडक्या अनेक.

ही युक्ती शोधण्यात एका बाईचा मोठा वाटा आहे, हे तुम्हाला मुद्दाम सांगते. युक्रेन देशातल्या कीव शहरात कातेरिना युश्चेंको नावाच्या गणिती होत्या. त्यांनी १९५५ साली एक प्रोग्रामिंग भाषा तयार केली, तिचं नावच 'ॲड्रेस' भाषा, म्हणजे पत्त्यांची भाषा. मजकूर न हलवता त्याच्या पत्त्यावरून काम करायचं, हे त्या भाषेचं मूळ. नंतर १९६०च्या दशकात अमेरिकेत हॅरॉल्ड लॉसन यांनी पीएल-वन या भाषेत पॉईंटर आणला. पुढे १९७९ साली नॉर्वेचे त्रिग्वे रेन्स्काउग अमेरिकेत झेरॉक्स कंपनीच्या संशोधन केंद्रात असताना त्यांनी एक मांडणी सुचवली. माहिती वेगळी ठेवा, ती दाखवणारी खिडकी वेगळी ठेवा. त्याच केंद्रात स्मॉलटॉक ही भाषा घडवणाऱ्यांत ॲडेल गोल्डबर्ग या बाई पुढे होत्या. आजही बहुतेक ॲप याच विचारावर उभी आहेत.

पण नुसता पत्ता वाटला म्हणजे झालं असं नाही. पत्ता वाटण्याचे नियम आहेत. ते आपल्या गटाच्या नियमांसारखेच आहेत.

पहिला नियम. नोंद सांभाळणार कोण, हे आधी ठरवा. गटाची पेटी आपण पाहुणीच्या घरी ठेवतो का? पाहुणी उद्या निघून जाईल, पेटीचं काय? हप्त्याची खिडकी ही पाहुणी. ती उघडते, काम करते, बंद होते. नोंद तिच्याच पोटात ठेवली तर ती बंद होताना नोंदही पुसली जाते. मग यादीच्या खिडकीजवळ पत्ता राहतो, पण त्या पत्त्यावर घर नाही. अशा वेळी ॲप अचानक बंद पडतं. त्याहून वाईट म्हणजे त्या जागी दुसरीच नोंद येऊन बसलेली असते. जुना पत्ता घेऊन तुम्ही गेलात, दार वाजवलं आणि भलत्याच बाईच्या हातात हप्ता दिला, तसं होतं. ॲप बंद पडलेलं निदान दिसतं, भलत्या ठिकाणी लिहिलेलं दिसतही नाही. म्हणून नोंद अशा ठिकाणी ठेवावी जे ॲप चालू असेपर्यंत जागेवर राहील. खिडक्यांनी फक्त तिथे जाऊन पाहावं.

दुसरा नियम. जाण्याआधी पत्ता कोरा तर नाही ना, ते पाहा. कधी कधी खिडकीला पत्ता दिलेलाच नसतो, जागा रिकामी असते. ते न तपासता पुढे गेलं की ॲप कोसळतं. रिकाम्या पत्त्याची ही सोय १९६५ साली ब्रिटनचे टोनी होअर यांनी एका भाषेत ठेवली. २००९ साली एका भाषणात त्यांनी स्वतःच तिला आपली अब्ज डॉलरची चूक म्हटलं, इतका त्रास तिने जगभर दिला. आता काही साधनांत चांगली सोय आहे. क्यूट नावाचं खिडक्या बांधायचं एक साधन आहे. त्यातला क्यूपॉईंटर असा, की नोंद पुसली गेली तर पत्ता आपोआप कोरा होतो. म्हणजे पडलेल्या घराकडे कोणी जात नाही. पण कोरा आहे का, हे विचारायचं काम तरी प्रोग्राम लिहिणाऱ्यालाच करावं लागतं.

तिसरा नियम. बदल झाला की दवंडी द्या. इथे पुष्कळांची गल्लत होते. पत्ता सगळ्यांजवळ आहे, मग सगळ्यांना बदल दिसणारच, असं वाटतं. पण खिडकीने नोंद एकदा पाहिली आणि पडद्यावर आकडा काढला, की ती तिथेच थांबते. भिंतीवरच्या फळ्यावर खडूने आकडा लिहिल्यासारखं. ढोलीतलं धान कमी झालं तरी फळ्यावरचा आकडा आपोआप बदलत नाही, कोणीतरी जाऊन पुसावा लागतो. म्हणून नोंद बदलली की तिने सगळ्या खिडक्यांना सांगायला हवं, बायांनो, मी बदलले, पुन्हा पाहा. क्यूटमध्ये याला सिग्नल आणि स्लॉट म्हणतात. सिग्नल म्हणजे हाक आणि स्लॉट म्हणजे ती ऐकून करायचं काम. आणि जी खिडकी बंद झाली तिचं नाव हाकेच्या यादीतून काढायचं. नाहीतर गाव सोडून गेलेल्या बाईच्या नावाने निरोप जात राहतो.

चौथा नियम. कच्चं आणि पक्कं वेगळं ठेवा. हप्त्याच्या खिडकीत तुम्ही हजारऐवजी दहा हजार टाकले. लक्षात आलं आणि 'रद्द' दाबलं. पण खिडकी जर थेट मूळ नोंदीवरच लिहीत असेल, तर दहा हजार तिथे जाऊन बसलेले असतात. रद्द करून काय उपयोग? म्हणून शहाणा प्रोग्राम लिहिणारा या एका जागी मुद्दाम नक्कल करतो. खिडकीत कच्चा कागद ठेवतो. 'जतन करा' दाबलं की मगच पक्क्या नोंदीत चढवतो, आणि चढवल्यावर हाक देतो. आपणही आधी कच्च्या वहीत मांडतो, सगळ्यांना वाचून दाखवतो आणि मग पक्क्यात उतरवतो. तेच हे.

पाचवा नियम. शेवटची निघणारी कुलूप लावेल. कधी कधी नोंद कोणा एकीची नसते, दोन-तीन खिडक्यांची सामाईक असते. अशा वेळी तिच्याजवळ एक मोजणी ठेवतात. किती खिडक्या मला धरून आहेत? एक सुटली की एक कमी. शून्य झालं की ती जागा मोकळी करायची. सी प्लस प्लस या भाषेच्या २०११च्या आवृत्तीत यासाठी शेअर्ड पॉईंटर आला. पण त्यातही एक पेच आहे. दोन नोंदींनी एकमेकींना धरून ठेवलं तर मोजणी कधीच शून्य होत नाही. तू आधी सोड, नाही तू आधी सोड, असं म्हणत दोघी बसून राहतात आणि जागा अडते. म्हणून एकीने घट्ट धरायचं आणि दुसरीने सैल. त्या सैल धरण्याला वीक पॉईंटर म्हणतात.

आता एक मर्यादा सांगते, ती तुम्हा-आम्हाला रोज भेटते. हा पत्ता फक्त त्याच मोबाईलमध्ये, त्याच ॲपमध्ये आणि ते चालू असेपर्यंतच खरा असतो. तुमच्या मोबाईलमधला खण क्रमांक माझ्या मोबाईलमध्ये चालत नाही. आपल्या गावातलं 'कडुलिंबाजवळचं घर' दुसऱ्या गावात सांगून काय उपयोग? तिथे कडुलिंब दुसरा, घर दुसरं. म्हणून एका मोबाईलमधून दूरच्या मोठ्या संगणकाकडे माहिती जाते तेव्हा पॉईंटर जात नाही. त्या सभासदाचा कायमचा क्रमांक आणि नवी रक्कम जाते. तिथे ती रक्कम त्या क्रमांकाच्या नोंदीत चढते. याला आपण सिंक होणं म्हणतो. रेंज नसेल तर सिंक थांबतं. अशा वेळी सीआरपी ताईच्या मोबाईलवर हप्ता दिसतो आणि तालुक्याला दिसत नाही. त्यात ताईची चूक नसते. पण सिंक झालं की नाही हे पाहिल्याशिवाय बैठक संपवू नये. कायमचा क्रमांकही नीट सांभाळावा. एकाच नावाच्या दोन बाया गटात असतील, तर नावावर विसंबू नका, क्रमांक पाहा.

इथे कोणी विचारेल, एकच नोंद आणि सगळ्यांना पत्ता हे इतकं चांगलं, तर पासबुक कशाला? मैत्रिणींनो, पासबुक सोडू नका. ॲपच्या आतलं काम एका नोंदीवर चाललं पाहिजे, म्हणजे खिडक्या एकमेकींशी भांडणार नाहीत. पण ती एकच नोंद चुकली, तर सगळ्या खिडक्या एका सुरात चूकच दाखवतील! तेव्हा तुमच्या हातातला सहीचा कागदच तुमची बाजू सांगेल. ॲपच्या आत नक्कल असली की घोळ होतो, आणि तुमच्या घरी असलेली नक्कल पुरावा ठरते. दोन्हींची जागा वेगळी आहे. मी सांगितलेल्या त्या बाईचं कर्ज फिटलेलं आहे, हे शेवटी तिच्या पासबुकानेच सिद्ध झालं.

आता तुमच्या हातातलं काम. गटाच्या हिशेबासाठी कोणी नवीन ॲप दाखवायला आलं, तर त्यांना बसवा, पाणी द्या, आणि या परीक्षा घ्या. मात्र हे सगळं खोट्या नावाने, सरावाच्या गटावर करायचं. खऱ्या नोंदींना हात लावायचा नाही.

एक. सभासदाची यादी उघडी ठेवून हप्ता भरा. यादीतली बाकी लगेच बदलते का?

दोन. रक्कम टाका आणि 'रद्द' दाबा. मूळ आकडा जसाच्या तसा राहतो का?

तीन. हप्त्याची खिडकी बंद करून अहवाल उघडा. नोंद जागेवर आहे का?

चार. एका खिडकीत सभासद उघडी ठेवून दुसरीकडून तिची नोंद काढून टाका. पहिली खिडकी नीट सांगते का, की ही नोंद आता नाही? की ॲप कोसळतं?

पाच. रेंज बंद करून नोंद करा, मग रेंज सुरू करा. सिंक झाल्याची खूण दिसते का?

या पाच परीक्षांना इंग्रजी लागत नाही, पदवीही लागत नाही. हिशेब कळावा लागतो, आणि तो तुम्हाला कळतो. जिथे गडबड दिसेल ती तारीख घालून ठराव वहीत लिहा, पडद्याचा फोटो काढा आणि ग्रामसंघामार्फत वर कळवा. 'ॲप बिघडलंय' असं म्हटलं की कोणी लक्ष देत नाही. 'हप्ता भरल्यावर कर्जाच्या खिडकीत तीन हजार आणि अहवालात चार हजार दिसतात', असं लिहून दिलं की समोरच्याला उत्तर द्यावंच लागतं.

आणखी एक सांगायचं आहे. तुमच्या लेकी आणि सुना आयटीआयमध्ये कोपाचा अभ्यास करतात, कॉलेजात संगणक शिकतात. त्यांना गटाच्या बैठकीत बोलवा. वह्या दाखवा. रोकड कशी मिळवतो, खतावणीत कशी चढवतो, ते सांगा. त्यांना पॉईंटर येतो, तुम्हाला हिशेब येतो. दोन्ही एका जागी आले तर आपल्या हिशेबाचं ॲप दूरच्या कोणी घडवून पाठवायची वाट पाहावी लागणार नाही. धानाचा हिशेब, कोशाच्या सुताचा हिशेब, शिंगाड्याचा आणि मासोळीचा हिशेब इथल्या पोरींइतका बाहेरच्याला कळणार नाही.

या आठवड्याच्या बैठकीत एवढंच करा. कोणत्याही तीन सभासदांची पासबुकं घ्या, आणि मोबाईलच्या प्रत्येक खिडकीत त्यांची बाकी वाचून दाखवायला सांगा. सगळीकडे एकच आकडा आला तर समाधानाने चहा प्या. एका जरी ठिकाणी वेगळा आला, तर ती नोंद दुरुस्त झाल्याशिवाय उठू नका. त्या आकड्यावर एखादीची रोवणी अवलंबून असेल.